महादेवरावांची गुडघेदुखी

मौदा, २० जून १९६९

चि. वच्छलेस आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी सडा टाकला, गाईचं दूध काढलं, चुलीवर पाणी ठेवलं, तुझ्या बाबांचं धोतर धुतलं आणि पिळून अंगणातल्या तारेवर टाकलं. ते दुसरं धोतर नेसून शेतावर गेले. मी तांदूळ निवडत बसले. दुपारी शेतावरून ते गेल्याचा निरोप आला. लोक अजून विचारतात, आधी काही जाणवलं नाही का. काही जाणवलं नाही. रोजच्यासारखी सकाळ होती. संध्याकाळी ते धोतर तारेवरून कोणी काढलं, तेही मला माहीत नाही.

हे आज लिहायचं कारण एवढंच, की तू नागपूरला गेल्यावर मी उठले आणि तीच कामं त्याच क्रमाने केली. तीन वर्षं त्यात धोतर नाही. उन्हाळाभर तू घरी होतीस, तेव्हा त्या जागी तुझ्याशी बोलणं होत असे. आता तिथे काही नाही. सवय होईल.

तुझं पत्र पोचलं. खोली मिळाली हे वाचून बरं वाटलं. रुपराव मामा भंडाऱ्याला परत जाताना इथे उतरला होता. चहा घेतला आणि म्हणाला, "तू कायजी करू नको वं बाई. सारं जमवून आलो." काय जमवलं ते सांगितलं नाही. मी विचारलं, खोलीला खिडकी आहे का? तर म्हणाला, "आता खिडकीही पाह्यची होती का?" म्हणून तुलाच विचारते. खिडकी आहे का, पाणी कुठून आणतेस, विद्यापीठ किती लांब आहे आणि घरमालक माणसं कशी आहेत, ते लिही.

तुझी आई,
पंचफुला

*

प्रताप नगर, नागपूर
२५ जून १९६९

ती. आईस शि. सा. नमस्कार.

खिडकी आहे. ती शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे उघडते आणि तिथे दिवसभर म्हशी बसलेल्या असतात. या भागात अजून अर्धे प्लॉट मोकळेच आहेत. नळ पहाटे येतो आणि चांगलं उजाडायच्या आत जातो, म्हणून भांडी घासायला मी आता तुझ्याही आधी उठते. विद्यापीठ लांब आहे. मनोहरराव, म्हणजे घरमालक, त्यांच्या मुलाची जुनी सायकल देतो म्हणाले. मुलगा भिलाईला नोकरीला आहे. तो एकुलता एक, मुलगी नाही.

सीताबर्डीवरून स्टोव्ह आणला. पहिल्याच दिवशी त्याची पिन माझ्या हातून आत तुटली. तेव्हा जिजाबाई, म्हणजे मालकीणबाई, वर येऊन म्हणाल्या, "एम.ए. करून राहिली न तू? मग स्टोव्ह कोण पेटवन?" त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवले. त्यांचा आवाज मोठा आहे, पण मनात काही ठेवत नाहीत. माझ्या दाराची कडी सैल आहे. तूर्त रात्री दाराला ट्रंक लावून ठेवते. जिजाबाई म्हणतात, मुलगी टिकते की नाही ते पाहू, मग कडी बसवू.

मुलींच्या वसतिगृहात पुन्हा विचारून आले. जागा नाही. वर्ग १५ जुलैला सुरू होतात.

चिखल फार आहे, तेव्हा एवढ्यात यायची घाई करू नकोस. आणि इथून तुला एखादं पत्र आलं, तर उत्तर लिहिण्याआधी मला विचार. विशेष काही नाही.

तुझी,
वच्छला

*

प्रताप नगर, नागपूर
२७ जून १९६९

श्री. महादेवराव व सौ. पंचफुलाबाई यांस जिजाबाईचा नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुमची वच्छला आमच्या घरात आहे म्हणून लिहिते. तिची काळजी करू नये. मुलगी गुणाची आहे, स्टोव्हचं सोडून.

तुमचे मेव्हणे रुपराव म्हणाले, दाजींना धानाच्या पेरणीतून मान वर करायला फुरसत नाही. ते मी समजू शकते. तरी एक विनंती आहे. सध्या धोंड्याचा महिना आहे. लोक लेकीजावयाला जेवू घालतात. मला लेकच नाही, तर जावई कुठून येणार? म्हणून मी दर अधिक महिन्यात एक मेहूण जेवू घालते. या वेळी वाटलं, लेकीसारखी मुलगी घरात आली आहे, तर तिच्याच आईबापांना जोडीने पाटावर बसवावं. ज्या जोडप्याला बसवायचं त्यांच्या नावाने महिनाभर दिवा लावायचा, ही माझ्या सासूबाईंची रीत. वच्छला आली त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी तुम्हा दोघांचं नाव घेऊन, आयुष्य मागून, दिवा लावते आहे. तेव्हा नाही म्हणू नये.

रविवारी १३ जुलैला सकाळीच यावं. महादेवराव उंचेपुरे आहेत असं रुपरावांकडून कळलं, म्हणून मोठ्या पन्ह्याचं धोतर आणून ठेवलं आहे.

आपली,
जिजाबाई

*

मौदा, ३० जून १९६९

चि. वच्छलेस आशीर्वाद.

तुझ्या घरमालकीणबाईंचं पाकीट आलं. देवाजी पोस्टमनने ते लगेच माझ्या हातात दिलं नाही. पत्ता पुन्हा पुन्हा वाचला आणि म्हणाला, "वैनी, हे महादेवरावाच्या नावाचं हाये. घेता का परत धाडू?" मी म्हटलं, घेते. तो मग बराच वेळ सायकल धरून उभा राहिला. त्याला वाटलं असेल मी रडेन.

तुला आठवत असेल, तुझ्या बाबांना आलेलं पत्र मी वाचून दाखवत असे, पण पाकीट तेच फाडत. वाचता येत नव्हतं तरी फाडण्याचा मान त्यांचा. मी वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि तुझी शाळेची पुस्तकं चाळून, आणि ते माझी थट्टा करत की हिला मिठाच्या पुडीतही मजकूर दिसतो. म्हणून ते पाकीट मी संध्याकाळपर्यंत तसंच भिंतीतल्या देवळीत ठेवलं. नंतर फाडलं.

आता मला एकच सांग. तुझे बाबा जिवंत आहेत असं त्या बाईंना तू सांगितलंस की मामाने?

तू विचारल्याशिवाय उत्तर लिहू नकोस म्हणालीस, म्हणून मी लिहिलेलं नाही.

तुझी आई

*

प्रताप नगर, नागपूर
२ जुलै १९६९

ती. आईस नमस्कार.

मामाने सांगितलं. मी गप्प बसले.

आम्ही खोली पाहायला आलो तेव्हा जिजाबाईंनी दारातच विचारलं, "पोरीचे वडील काहून नाही आले?" मामा काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, की बाप नसलेल्या मुलीला त्या खोली देत नाहीत. आधी एक मुलगी होती, तिचे काका, मामा, मावसभाऊ सगळे येऊन भांडत, आणि जबाबदार कोण विचारलं की एकही पुढे येत नसे. मामाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दाजीले कुठची फुरसत? पेरण्या चालू हायेत." परत येताना मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "मंग काय सांगतो? खोली पाह्यजे का खरं पाह्यजे?"

तुला मामाचं बोलणं माहीत आहे. खोली मिळाली तर एम.ए., नाहीतर याच वर्षी उमरेडचं स्थळ. दिवसभर आम्ही सीताबर्डीपासून फिरलो होतो आणि ही शेवटची खोली होती.

आधी वाटलं, खोटं मामा बोलला, मी नाही. पण जिजाबाई रोज काहीतरी विचारतात. तुझ्या बाबांना भाजी कोणती आवडते? राग येतो का त्यांना? मी सांगते. आंबाडीची भाजी आवडते. राग येत नाही, आला तर बैलांशी बोलतात. आई, मी जे सांगते ते सगळं खरं आहे, फक्त ते आहेत असं सांगते. परवा जिजाबाई म्हणाल्या, "भला माणूस दिसते वं तुहा बाप." मला खूप बरं वाटलं. मग खोलीत येऊन बसून राहिले.

आता खरं सांगितलं तर खोली जाईल. बाबांना यायला जमत नाही असं तू लिहून टाक. १४ तारखेला महिना संपतो. मग त्यांना कोणी बोलावणार नाही.

तुझी,
वच्छला

*

मौदा, ५ जुलै १९६९

सौ. जिजाबाई यांस पंचफुलाचा नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. परक्या मुलीच्या आईबापांसाठी आपण एवढं करता, याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही.

पण यांना येता येणार नाही. गुडघे दुखतात. पावसाळी हवा लागली की पाय दुमडत नाही, पाटावर बसणं तर लांबच. दुखतं असं स्वतः सांगत नाहीत. उठताना ओसरीच्या खांबाला हात लावतात आणि थोडं थांबतात, त्यावरून समजायचं. शेतावर मात्र जातात. जाऊ नका म्हटलं तर ऐकत नाहीत.

मेहूण म्हणजे जोडीनेच बसायचं, तेव्हा मी एकटीने येऊन उपयोग नाही. आपण दुसरं जोडपं पाहावं. वच्छलेवर लक्ष असू द्यावं.

आपली,
पंचफुला

*

प्रताप नगर, नागपूर
८ जुलै १९६९

सौ. पंचफुलाबाई यांस जिजाबाईचा नमस्कार.

गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या यांचेही दुखत होते. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी मलम दिलं, त्याने फार फरक पडला. त्याची एक डबी आजच मागवून घेतली आहे. रात्री निजताना लावायचं आणि वरून फडकं गुंडाळायचं. पुरुष माणूस कंटाळा करतो, तेव्हा तुम्हीच लावून द्या.

दुसरं जोडपं पाहणं आता शक्य नाही. ज्यांच्या नावाने दिवा लावला त्यांनाच वाण द्यायला हवं. म्हणून मी असं ठरवलं आहे, की महादेवरावांनी बसचे हाल सोसू नयेत. रविवारी आमचे हेच सकाळच्या एसटीने मौद्याला येतील आणि अनारसे, धोतर, तुमचं लुगडं आणि मलम तुम्हा दोघांच्या हाती देतील. यांनाही शेती पाहायची हौस आहे. दोघे पुरुष बोलत बसतील.

दिव्यापाशी आता गुडघ्यांसाठीही मागते. ते त्यांना सांगू नका, हसतील.

आपली,
जिजाबाई

*

मौदा, १० जुलै १९६९

चि. वच्छलेस आशीर्वाद.

मी शनिवारी येते. मनोहरराव रविवारी इकडे यायला निघतील, त्याआधी मला पोचलं पाहिजे. जिजाबाईंना तू काही सांगू नकोस. माझं कपाळ पाहून त्यांना कळेलच, पण ते मी तोंडाने सांगणार आहे.

तू सांगितलंस म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. दोन ओळींत होण्यासारखं होतं. येता येत नाही, एवढं पुरे होतं. पण मी गुडघे लिहिले. तुझे बाबा गेले तेव्हा त्यांचे गुडघे धड होते. लिहिताना मनात आलं, असते तर या पावसाळ्यात दुखायला लागले असते. मग खांबाचं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर मी खांबाकडे पाहिलं. मला वाईट वाटलं नाही, बरं वाटलं. तुला जसं वाटलं तसंच. पुढच्या पत्रात मी त्यांना चष्मा लावला असता.

तिकडे एक बाई रोज दिवा लावून त्यांच्यासाठी आयुष्य मागते आहे आणि आता मलम विकत आणते आहे. इकडे मी त्यांना म्हातारं करते आहे. रविवारी मनोहरराव आले, तर त्यांना काय सांगू? शेतावर गेले आहेत, थांबा?

खोली कदाचित जाईल. तुला माझा राग येईल, तो येऊ दे. उमरेडच्या स्थळाला नाही मी म्हणेन. मामाला मीच सांगेन, तू त्यात पडू नकोस. खोली नाही मिळाली तर आपण दोघी पुन्हा शोधू, आणि या वेळी दारात उभं राहून आधी मी बोलेन.

तुझी आई

*

प्रताप नगर, नागपूर
१५ जुलै १९६९

ती. आईस नमस्कार.

आज वर्ग सुरू झाले. इतिहासाला आम्ही चौघीच मुली आहोत. सरांनी प्रत्येकाला गावाचं नाव विचारलं. बाकी काही विचारलं नाही.

शनिवारी तू गेल्यावरचं लिहिते. दारात तू जे बोललीस ते ऐकताना जिजाबाईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता, तो तसाच हातात घेऊन त्या आत गेल्या. मग पायात चप्पल अडकवून, पिशवी घेऊन तुझ्यामागे निघाल्या. मी जिन्यात उभी होते. परत आल्या त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी ट्रंक भरून ठेवली.

रविवारी सगळा स्वयंपाक झाला आणि पाटावर बसवायला मेहूणच नव्हतं. मनोहररावांनी हळूच विचारलं, "मंग आता कोणाले बसवते?" त्या म्हणाल्या, "कोणाले नाही. तुम्ही बसा." ते पाटावर बसले. माझं ताट स्वयंपाकघरात वाढून ठेवलेलं होतं, पण हाक मारली नाही. मीच जाऊन जेवले. ताटात आंबाडीची भाजी होती.

सोमवारी सुतार आला आणि त्याने माझ्या दाराला नवी कडी बसवली. तो गेल्यावर मी खाली जाऊन विचारलं, "सामान कधी हलवू?" जिजाबाई म्हणाल्या, "मंग कडी काय म्हशीसाठी बसवली?" आणि तांदूळ पाखडू लागल्या. मी जायला निघाले तर विचारलं, "त्याईले खरंच आंबाडी आवडे?" मी हो म्हटलं. "अन् बैलाशी बोलत ते?" तेही खरं म्हटलं. "बरं," म्हणाल्या. ट्रंक मी उघडली आहे.

खोटं बोलल्याबद्दल मी त्यांची अजून माफी मागितलेली नाही. आज उद्या मागेन.

तू एसटीला जाताना त्या काय बोलल्या? मनोहरराव म्हणतात, परत येताना बाईसाहेबांच्या हातातली पिशवी नव्हती. तुला काय दिलं त्यांनी?

तुझी,
वच्छला

*

मौदा, १८ जुलै १९६९

चि. वच्छलेस आशीर्वाद.

खोली राहिली हे कळलं. माफी जरूर माग, पण लांबलचक नको. त्यांना लांबलचक आवडणार नाही.

मामा मंगळवारी आला होता. म्हणाला, "मी सारं जमवलं, तू जाऊन बिघडवलं." मी हो म्हटलं. उमरेडला नाही कळव, म्हणून सांगितलं. तो रागावून जेवला नाही, पण जाताना शिदोरी नेली.

आता जिजाबाईंचं. त्यांनी मला मोकळ्या प्लॉटपाशी गाठलं. दम लागला होता. बरोबर चालू लागल्या. मग म्हणाल्या, "मी रोज जित्या माणसावानी नाव घेतलं वं त्याईचं. आयुष्य मागितलं. ते कोणाले लागलं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण तीन वर्षांत त्यांची चौकशी करणाऱ्या तुम्ही एकट्याच. मी थांबवायला उशीर केला."

"पोरीनं केलं ते समजते मले. लहान हाये, गरज होती. तुम्ही गुडघ्याचं काहून लिहिलं?"

"असते तर दुखले असते."

त्या थांबल्या. त्यांना हसू आलं आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग आला. "अन् खांबाले हात लावून उठते म्हणे," असं म्हणून माझ्याकडे पाहू लागल्या. मी पुढे चालायला लागले. तेवढ्यात रस्त्याची चढण आली, मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि थोडी थांबले. तेव्हा त्यांना समजलं. खांबाला हात लावून उठते ती मीच. गुडघे माझे दुखतात. ते लिहिताना दुसरं काही शोधावं लागलं नाही.

त्यांनी पिशवीतून मलमाची डबी काढून माझ्या हातात दिली. मग धोतर काढलं. म्हणाल्या, "हे त्याईच्या नावानं आणलं. माह्या घरात ठेवता येत नाही अन् दुसऱ्याले देववत नाही. तुम्ही न्या." लुगडं त्यांनी दिलं नाही, ते हिरवं आहे म्हणाल्या. मीही मागितलं नाही. धोतर आणि डबी पुन्हा त्याच पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात देऊन, एसटी यायच्या आधीच त्या परत फिरल्या. वळून पाहिलं नाही.

धोतर मोठ्या पन्ह्याचं आहे. त्यांना बरोबर बसलं असतं. नवं असल्यामुळे खळ फार होती, हाताला कागदासारखं लागत होतं.

त्या रात्री मी मलम लावलं आणि निजले. दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकला, गाईचं दूध काढलं, चुलीवर पाणी ठेवलं, धोतर धुतलं आणि पिळून अंगणातल्या तारेवर टाकलं. संध्याकाळी ते मीच काढलं.

तुझी आई,
पंचफुला